रहस्यकथेतील मोलकरीण

एखाद्या घराची खरी माहिती कोणास असते? घराचा मालक घराची किंमत सांगू शकेल, मालकीण घराण्याचा इतिहास सांगू शकेल. परंतु कोणती खिडकी नीट लागत नाही, कोणत्या कपाटाची किल्ली कोठे ठेवलेली असते, रात्री कोण उशिरा परतले आणि सकाळी न्याहारीला कोणी हात लावला नाही, या गोष्टी बहुधा त्या घरात झाडलोट आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीसच ठाऊक असतात. असे असूनही घरात काही विपरीत घडले, तर प्रतिष्ठित माणसांचे म्हणणे आधी ऐकून घेतले जाते. मोलकरणीस विचारलेच, तर ते शेवटी. आणि तेही पुष्कळदा साक्षीदार म्हणून नव्हे, तर संशयित म्हणून.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील लहान गावांविषयी लिहिल्या गेलेल्या काही रहस्यकथांनी हा क्रम उलटा केला आहे. त्यांत गुन्ह्याचा उलगडा पोलीस अधिकारी करीत नाही, नामांकित गुप्तहेरही करीत नाही. दुसऱ्यांच्या घरी राबून पोट भरणारी एक साधी स्त्री तो करते. या कथा मनोरंजनासाठी लिहिलेल्या आहेत, यात शंका नाही. तथापि, कोणाचे डोळे विश्वासार्ह मानावयाचे आणि कोणाचा शब्द खरा मानावयाचा, हा एक मोठा प्रश्न त्यांनी सहजगत्या वाचकापुढे ठेवला आहे. त्याचे महत्त्व कळण्यासाठी रहस्यकथेचा आणि त्या प्रदेशाचाही थोडा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो.

आधुनिक रहस्यकथेचा आरंभ सामान्यतः एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाच्या १८४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेपासून मानतात. पो याचे बालपण दक्षिणेतील व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी गेले; परंतु ही कथा त्याने पॅरिसमध्ये घडविली. त्या कथेत दोन स्त्रियांचा खून होतो आणि वृत्तपत्रात साक्षीदारांचे जबाब छापून येतात. त्यांतील पहिलाच जबाब एका धोबिणीचा आहे. ती तीन वर्षे त्या घरचे कपडे धूत असे. आपल्याला ठाऊक असलेल्या चार गोष्टी ती सांगते आणि कथेतून नाहीशी होते. पुढील सारा विचार द्युपँ नावाचा एक बुद्धिमान गृहस्थ करतो. पुढे १८८७ साली आर्थर कॉनन डॉयल याने शेरलॉक होम्सला जन्म दिला. त्याच्या कथांतही नोकरमाणसे दार उघडतात, तार आणून देतात, घाबरून चार वाक्ये बोलतात आणि बाजूला होतात. माहिती त्यांची आणि बुद्धी साहेबांची, अशी ही वाटणी होती.

विसाव्या शतकात रहस्यकथेचा एक सौम्य प्रकार रूढ झाला. अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेने १९२७ सालच्या एका कथेत मिस मार्पल ही वृद्ध अविवाहित स्त्री प्रथम आणली आणि १९३० साली तिच्यावर पहिली कादंबरी लिहिली. मिस मार्पल एका खेड्यात राहते, विणकाम करते, शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस करते. तिच्यापाशी सूक्ष्मदर्शक यंत्र नाही. पण मनुष्यस्वभावाची सूक्ष्म जाण आहे. गावातील माणसे वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे एखाद्या अनोळखी माणसाचे वागणे पाहताच तिला गावातीलच कोणाची तरी आठवण होते आणि त्यावरून ती अचूक अनुमान काढते. तिला मोलकरणींविषयी आस्था आहे, त्यांच्या बोलण्याला ती किंमत देते. १९५३ सालच्या एका कादंबरीत आपल्याकडे पूर्वी काम केलेल्या मुलीचा खून झाला, म्हणून ती त्या प्रकरणात पडते. परंतु तेथेही मोलकरणीच्या वाट्यास आली ती बळीची भूमिका.

या प्रकारास इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. थंडीच्या दिवसांत शेकोटीजवळ बसल्यावर जी ऊब वाटते, तिचा भाव त्या शब्दात आहे. मराठीत आपण त्यास सौम्य रहस्यकथा म्हणू. तिचे काही संकेत ठरून गेले आहेत. स्थळ लहान असावे आणि तेथील माणसे एकमेकांना ओळखणारी असावीत. रक्तपाताचे वर्णन टाळावे. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसून हौशी असावी. उलगड्यास लागणारे सर्व दुवे वाचकासमोर आधीच ठेवलेले असावेत. आणि शेवटी अपराधी सापडून गावाची घडी पुन्हा बसावी. अमेरिकेत १९८९ सालापासून अशा कथांचे लेखक व वाचक दरवर्षी एका संमेलनात एकत्र येतात आणि तेथे अगाथा ख्रिस्तीच्या नावाने पारितोषिकेही दिली जातात.

इंग्लंडच्या खेड्यात रुजलेले हे रोप अमेरिकेच्या दक्षिण भागात चांगलेच वाढले. व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलिना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा ही या भागातील काही राज्ये होत. तेथील लहान गावाची रचना रहस्यकथेस जणू मुद्दाम केल्यासारखी असते. प्रत्येक राज्याचे काउंटी नावाचे विभाग असतात. काउंटीच्या मुख्य गावी मधोमध एक चौक, चौकात न्यायालयाची इमारत आणि सभोवती दुकाने, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. घरांना रुंद ओसऱ्या असतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तेथे बसून लोक बर्फ घातलेला गोड चहा पितात आणि रस्त्याने कोण गेले, कोणाबरोबर गेले, हे पाहतात. रविवारी चर्चमध्ये सारे भेटतात. कोणाच्या घरी मृत्यू झाला, तर शेजारणी शिजविलेल्या अन्नाची भांडी घेऊन जातात. अशा गावी गुप्त गोष्ट फार काळ गुप्त राहत नाही. मात्र ती उघडपणे कोणी बोलतही नाही. सर्वांना थोडे थोडे ठाऊक असते आणि ते एकत्र जुळविणारा कोणी तरी हवा असतो.

तेथे हौशी शोधकाची गरज पडण्यास आणखी एक कारण आहे. काउंटीचा प्रमुख पोलीस अधिकारी म्हणजे शेरीफ हा सामान्यतः लोकांच्या मतांनी निवडून येतो. त्यामुळे तो लोकांचा असतो, हा गुण झाला. पण ज्यांच्या पाठिंब्यावर आपण निवडून आलो, त्या वजनदार घराण्यांच्या दारात चौकशीस जाताना त्याचा पाय अडखळण्याचा संभव असतो, हा दोष झाला. म्हणून ज्या व्यक्तीस कोणाच्या मतांची अपेक्षा नाही, तिनेच सत्याचा पाठपुरावा करावा, ही कल्पना तेथे स्वाभाविक वाटते.

तथापि, या ओसऱ्यांच्या आणि गोड चहाच्या मागे एक कठोर इतिहास उभा आहे. या प्रदेशात १८६१ ते १८६५ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धापूर्वी लाखो कृष्णवर्णीय माणसे गुलाम होती. गुलामगिरीच्या राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देण्याचा अधिकार कृष्णवर्णीयास नसे. गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडला, तरी न्यायालयाच्या दृष्टीने त्याने काही पाहिलेच नव्हते. १८६६ सालच्या कायद्याने हा अधिकार त्यास मिळाला. परंतु पुढे रेल्वे, शाळा, उपाहारगृहे अशा सर्व ठिकाणी वर्णभेदाच्या भिंती उभ्या राहिल्या. न्यायदानासाठी बसणारे पंचही बहुधा सारे गोरेच असत. सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदास १९६४ सालच्या नागरी हक्क कायद्याने देशभर बंदी केली. साक्ष देण्याचा अधिकार कागदावर मिळणे निराळे आणि साक्षीवर विश्वास ठेवला जाणे निराळे, हे या शंभर वर्षांनी दाखवून दिले.

याच काळात दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या कुटुंबांत मोलकरीण, स्वयंपाकीण किंवा दाई म्हणून काम करीत होत्या. त्या मागच्या दाराने घरात येत. त्यांना वय न पाहता नुसत्या नावाने हाक मारली जाई, मात्र त्यांनी घरातील तरुण मुलीलाही आदरार्थी संबोधन लावावे अशी अपेक्षा असे. कायद्यानेही त्यांना विसरून टाकले होते. अमेरिकेत वृद्धापकाळी निर्वाहवेतन देणारा कायदा १९३५ साली झाला. त्यातून घरकामगार व शेतमजूर वगळण्यात आले. किमान वेतनाचा कायदा १९३८ साली झाला. त्याचेही संरक्षण घरकामगारांस मिळाले नाही. पहिल्या कायद्याचा लाभ नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना देण्याची सुधारणा १९५० साली झाली आणि किमान वेतनाच्या कायद्यात त्यांचा सर्वसाधारण समावेश होण्यास १९७४ साल उजाडावे लागले.

ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, तो मात्र सर्वांना पाहू शकतो. दक्षिणेतील कष्टकरी स्त्रियांनी या स्थितीचाही उपयोग करून घेतल्याचे एक सुंदर उदाहरण इतिहासात आहे. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध १९५५ च्या डिसेंबरात बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. या काळात हजारो माणसे पायी कामावर गेली. त्यांत मोलकरणींची संख्या मोठी होती. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी काही स्त्रियांना एकत्र करून घरोघरी अन्न शिजविले, केक आणि फळांचे पाय करून विकले आणि आलेला पैसा चळवळीस दिला. या मंडळाचे नाव त्यांनी ठेविले 'कोठूनही न आलेले मंडळ'. पैसा कोठून आला, असे कोणी विचारले तर 'कोठून नाही' हे उत्तर खरेच ठरे आणि कोणाच्या नोकरीवर गदा येत नसे. १९५६ साली जॉर्जियाबाईंनी न्यायालयात उभे राहून बसचालकाच्या अपमानास्पद वागणुकीविषयी उघड साक्ष दिली. त्यापायी त्यांची नोकरी गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरी स्वयंपाक करून लोकांना जेवू घालण्याचा व्यवसाय मांडला.

दक्षिणेच्या कथासाहित्यातही हा विचार पूर्वीपासून डोकावत होता. मार्क ट्वेन याने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या 'पडनहेड विल्सन' या कादंबरीत मिसिसिपी नदीकाठचे, गुलामगिरीच्या काळातील एक लहान गाव रंगविले आहे. विल्सन नावाचा तरुण वकील गावात आल्याबरोबर एक विनोद करतो. तो कोणास कळत नाही आणि लोक त्यास कायमचे मूर्ख ठरवितात. त्याला लोकांच्या बोटांचे ठसे जमविण्याचा छंद आहे. त्याच गावात रॉक्सी नावाची गुलाम स्त्री आहे. आपल्या बाळाची विक्री होऊ नये, म्हणून ती आपले व धन्याचे मूल पाळण्यातच बदलते. पुढे खुनाच्या खटल्यात विल्सन बोटांच्या ठशांवरून सर्व उलगडा करतो. येथे गुपित जाणणारी आहे गुलाम स्त्री आणि ते शोधून काढणारा आहे शिकलेला वकील. जाणणारी आणि शोधणारी ही दोन माणसे एकाच व्यक्तीत आणणारी एक उत्तम कथा यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिली गेली.

ती कथा बार्बरा नीली या लेखिकेची. त्यांचा जन्म १९४१ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. लेखनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी समाजकार्यात बरीच वर्षे घालविली आणि दक्षिणेत उत्तर कॅरोलिनातही त्या काही काळ राहिल्या. १९९२ साली त्यांची 'ब्लँच ऑन द लॅम', म्हणजे 'फरारी ब्लँच', ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका ब्लँच व्हाइट ही उत्तर कॅरोलिनातील फार्ली या काल्पनिक गावी घरकाम करणारी, चाळिशीच्या घरातील, स्थूल बांध्याची कृष्णवर्णीय स्त्री आहे. तिच्या नावात एक खोच आहे. 'ब्लँच' या फ्रेंच शब्दाचा अर्थ शुभ्र आणि 'व्हाइट' या इंग्रजी शब्दाचाही अर्थ शुभ्र. मृत बहिणीच्या दोन मुलांचा सांभाळ तीच करते आहे.

कथेचा आरंभच मोठा बोलका आहे. मालक तिचे पैसे चुकते न करता परगावी गेल्यामुळे तिने दिलेले धनादेश वटत नाहीत आणि तिला तीस दिवसांची कैद होते. पैसे बुडविणारा बाहेर आणि जिचे पैसे बुडाले ती आत, असा हा न्याय. न्यायालयात गडबड उडताच ब्लँच तेथून निसटते. नव्या मोलकरणीची वाट पाहत असलेल्या एका श्रीमंत घरी ती पोहोचते आणि तेथील बाई तिलाच ती मोलकरीण समजते. मोलकरणीच्या चेहऱ्याकडे नीट पाहण्याची त्या घरास सवयच नसते! ते कुटुंब तिला घेऊन गावाबाहेरील वाड्यात जाते आणि तेथे एकामागून एक संशयास्पद घटना घडू लागतात. ब्लँच पोलिसांकडे जाऊ शकत नाही, कारण ती स्वतःच फरारी आहे. आणि गप्पही बसू शकत नाही, कारण काही घडले तर आळ प्रथम तिच्यावरच येणार, हे ती जाणते. म्हणून स्वतःला वाचविण्यासाठीच तिला सत्य शोधून काढावे लागते. पुढे काय होते, ते येथे सांगणे योग्य होणार नाही. रहस्यकथेचा शेवट वाचकानेच गाठावयाचा असतो.

ब्लँचची शोध घेण्याची रीत तिच्या कामातूनच आलेली आहे. लहानपणी मुले तिच्या काळ्या वर्णावरून तिला चिडवीत, तेव्हा घरच्या एका वडीलधाऱ्या नातलगाने तिला समजाविले होते, की हा वर्ण म्हणजे अंधारात अदृश्य होण्याची शक्ती आहे. ही समजूत तिने आयुष्यभर जपली. मालकांसमोर ती मंदबुद्धी असल्याचे सोंग घेते. मग ते तिच्यादेखत मोकळेपणे बोलतात. गावातील तिच्यासारख्या कष्टकरी स्त्रियांचेही एक जाळे आहे. प्रत्येकीने एकेका घरात पाहिलेले एकत्र आले, की साऱ्या गावाचा नकाशा तयार होतो. मालकांची वरवरची माया म्हणजे खरे प्रेम, असे मानून स्वतःचे हित विसरणाऱ्या मोलकरणींना तर जणू एक रोगच जडला आहे, असे तिचे स्पष्ट मत आहे.

अशा व्यक्तीची अनुमाने कशी चालतात, हे एका साध्या कल्पित उदाहरणाने ध्यानात येईल. समजा, एखादा गृहस्थ सांगतो, की आपण रात्रभर घरीच झोपलो होतो. बिछाना विस्कटलेला आहे. पोलिसांचे समाधान होते. परंतु दहा वर्षे तोच बिछाना रोज आवरणाऱ्या बाईस दिसते, की चादर वर चुरगळलेली असली, तरी पायथ्याशी गादीखाली खोचलेली तिची टोके काल होती तशीच आहेत. वास्तविक हे गृहस्थ रोज झोपेत ती टोके पायाने ओढून काढतात. स्वयंपाकघरात दोन पेले स्वच्छ धुऊन ठेवलेले आहेत, पण भलत्याच फळीवर. यावरून रात्री कोणी तरी पाहुणा आला होता आणि पेले धुणाऱ्यास या घरात पेले कोठे ठेवतात हे ठाऊक नव्हते, हे उघड होते. आणि असा अजाण मनुष्य परकाच असला पाहिजे असे नाही; तो घराचा मालकही असू शकतो! स्वतःच्या घरातील पेल्यांची जागा ज्यास ठाऊक नाही, त्याचे खोटे पकडण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. त्या फळीशी रोजचा संबंध मात्र असावा लागतो.

दुसरे उदाहरण शार्लेन हॅरिस या लेखिकेचे. त्यांचा जन्म १९५१ साली मिसिसिपी राज्यात झाला. त्यांनी १९९६ सालापासून लिली बार्ड या नायिकेवर पाच कादंबऱ्या लिहिल्या. लिली ही गोरी स्त्री आहे. आर्कान्सा राज्यातील शेक्सपियर नावाच्या काल्पनिक गावी ती घरांची स्वच्छता करून राहते. आयुष्यात एकदा भयंकर अत्याचार सोसावा लागल्यामुळे तिने कोणाचे आपल्याकडे लक्ष जाऊ नये असे जगणे पत्करले आहे आणि स्वसंरक्षणासाठी ती कराटे शिकते. एका रात्री फिरत असताना कोणी तरी एक प्रेत बागेत नेऊन टाकीत असल्याचे तिला दिसते. आपले नाव न सांगता ती पोलिसांना कळविते. पण प्रकरण तिला सोडीत नाही. तिच्यापाशी अनेक घरांच्या किल्ल्या आहेत आणि त्या घरांतील अनेक गुपिते आहेत. ती कोणती सांगावी आणि कोणती पोटात ठेवावी, हा तिच्या कथांतील नैतिक प्रश्न आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याची किल्ली आहे, त्याच्या हाती दुसऱ्याची अब्रूही असते, हे लिली विसरत नाही. या कथांत दुःखाची छाया दाट आहे. त्यामुळे त्यांस पूर्णपणे सौम्य म्हणता येणार नाही. तरीही लहान गाव, ओळखीची माणसे आणि कष्टकरी हौशी शोधक ही लक्षणे त्यांत स्पष्ट आहेत.

ब्लँच आणि लिली यांची तुलना केली, तर एक भेद ध्यानात येतो. लिली लोकांच्या नजरेतून स्वतः होऊन दूर राहिली आहे; ब्लँचला समाजानेच नजरेआड केले आहे. एकीने अदृश्यता पत्करली, दुसरीवर ती लादली गेली. परंतु दोघींच्याही ज्ञानाचा उगम एकच आहे, आणि तो म्हणजे हाताने केलेले काम. वस्तू रोज हाताळणाऱ्यास वस्तूंची भाषा कळते. ही विद्या कोणत्याही विद्यालयात शिकविली जात नाही, म्हणून ती विद्याच नव्हे, असे मानण्याची चूक समाज करतो आणि या कथांतील गुन्हेगारही हीच चूक करतात. ते पोलिसांपासून पुरावा लपवितात, वकिलांपासून लपवितात. फरशी पुसणाऱ्या बाईसमोर मात्र तो उघडा टाकतात.

सौम्य रहस्यकथेस एक मर्यादाही आहे. अपराधी पकडला गेला, की गावात पुन्हा शांतता नांदू लागते, असा तिचा शेवट असतो. ती शांतता सर्वांना सारखीच सुखाची होती काय, हा प्रश्न अनेक कथा विचारीत नाहीत. ओसरी, चहा आणि फुलझाडे यांचे गोड चित्र रंगविताना त्या घराचे मागचे दार वाचकाच्या दृष्टीआड राहते. बार्बरा नीली यांनी कथेचा सांगाडा तोच ठेवला, विनोदही राखला. मात्र वाचकाला त्यांनी मागच्या दाराने घरात नेले. त्यामुळे त्यांच्या कथेत दोन उलगडे होतात. एक उलगडा खुनाचा आणि दुसरा त्या घराच्या रीतीभातींचा. पहिल्याने वाचकाचे कुतूहल शमते, तर दुसऱ्याने त्याचे मन अस्वस्थ होते.

वाचकांनी आणि रहस्यकथाकारांनी या प्रयत्नाचे स्वागत केले. पहिल्याच कादंबरीस आगाथा, अँथनी आणि मकॅव्हिटी ही रहस्यकथांसाठी दिली जाणारी तीन पारितोषिके मिळाली. नीली यांनी ब्लँचवर एकूण चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील दुसरी मेन राज्यात आणि तिसरी बोस्टन शहरात घडते; २००० साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या कादंबरीत ब्लँच पुन्हा फार्ली गावी परतते. अमेरिकेतील रहस्यकथाकारांच्या संघटनेने त्यांना २०२० सालासाठी 'ग्रँड मास्टर' हा आपला सर्वोच्च सन्मान जाहीर केला. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्यांचे निधन झाले.

पो याच्या कथेतील धोबिणीने चार गोष्टी सांगितल्या आणि ती निघून गेली; तिला आणखी काय ठाऊक होते, हे कोणी विचारले नाही. ब्लँच व्हाइट ही जणू तिचीच वारस आहे. ती केवळ जबाब देत नाही. ती प्रश्न विचारते, विचार करते आणि निर्णयही घेते. या दोघींमध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. त्या काळात मोलकरणीचे डोळे किंवा तिची बुद्धी बदलली नाही. बदलले ते इतकेच, की तिचे म्हणणे संपेपर्यंत ऐकून घेण्याची तयारी काही लेखकांनी आणि त्यांच्यामागून पुष्कळ वाचकांनी दाखविली.